कानामागचा डाग

रात्री दात घासून झाल्यावर लेकीने चूळ भरली आणि पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळून कपड्यांवर सांडलं. तिने पुन्हा चूळ भरली. पुन्हा तेच. "आई, पाणी तोंडात राहतच नाहीये," ती म्हणाली. मला वाटलं, पेंगुळलीय, लक्ष नाहीये. हनुवटीखाली टॉवेल धरत मी म्हटलं, "ओठ घट्ट मिट बघू." तिने मिटले. डावीकडे घट्ट मिटले, उजवीकडे बारीक फट राहिली आणि त्या फटीतून पाण्याची धार माझ्या मनगटावर आली.

मग मी तिला हसून दाखवायला सांगितलं. अर्धाच चेहरा हसला.

त्या रात्रीला आता तीन वर्षं होत आली. लेक तेव्हा सहा वर्षांची होती, ऑगस्ट नुकताच लागला होता. आम्ही अमेरिकेत, कनेटिकट राज्यात राहतो. घरामागे दगडांची जुनी बुटकी भिंत आहे आणि तिच्यापलीकडे ओक-मेपलचं रान. त्या भिंतीवर पाय सोडून बसण्यात तिचा अख्खा उन्हाळा जातो. गोचीड चावून होणाऱ्या लाइम रोगाचं नाव मी ऐकलं नव्हतं असं मुळीच नाही. इथे ते सगळ्यांनाच ठाऊक असतं, रानातल्या पायवाटांच्या तोंडाशी पाट्या लावलेल्या असतात. पण माझ्या डोक्यात लाइम म्हणजे लालभडक गोल, मध्ये ठिपका, नेमबाजीच्या पाटीसारखा. ते चित्र तिच्या अंगावर कुठे दिसलं नाही, म्हणून मी पाच आठवडे निर्धास्त होते.

इमर्जन्सीत पोहोचेपर्यंत माझ्या मनात पक्षाघात हा एकच शब्द घोळत होता. तिथल्या डॉक्टरबाई लेकीच्या समोर खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी तिला भुवया वर करायला सांगितल्या. डावी भुवई वर गेली, डाव्या कपाळावर आठ्या पडल्या. उजवं कपाळ गुळगुळीतच राहिलं. त्या मला म्हणाल्या, मेंदूतला झटका असता तर कपाळ बहुधा हललं असतं, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळतात. इथे बिघाड चेहऱ्याच्या नसेतच आहे. मग तिला हनुवटी छातीला टेकवायला लावली. डोकं दुखतं का, उजेड सहन होतो का, चक्कर येते का, छातीत धडधडतं का, असं एकेक विचारत गेल्या. मेंदूच्या आवरणाला सूज आहे का आणि हृदयाच्या ठोक्यांत अडथळा येतोय का हे त्या चाचपत होत्या, हे मला नंतर कळलं. आणि अगदी शेवटी त्यांनी विचारलं, गेल्या दीड-दोन महिन्यांत हिच्या अंगावर कुठे चट्टा उठला होता का?

उठला होता.

जूनच्या शेवटी वेणी घालताना मला तो दिसला होता. उजव्या कानामागे, केस सुरू होतात तिथे, अंगठ्याच्या नखाएवढा डाग. लाल नव्हता. तिचा रंग माझ्यासारखाच गव्हाळ, त्यावर तो जांभळट तपकिरी दिसत होता, मुका मार लागल्यासारखा. हात लावला तर किंचित गरम. खाजत नव्हता, दुखत नव्हता. चार-पाच दिवसांत तो मानेवर उतरला तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं. केस बाजूला सारून एक नजर टाकली गेली आणि गजकर्ण असं निदान झालं. मलम मिळालं. मी ते सकाळ-संध्याकाळ नेमाने लावलं. डाग पसरत, फिका होत तीन आठवड्यांत दिसेनासा झाला. मलमाने गुण आला, असं मी आईला फोनवर सांगितलंसुद्धा.

लाइमचा चट्टा औषधाशिवायही जातो. एवढं एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर! चट्टा गेला म्हणजे आजार गेला असं नसतं. जंतू कातडीतून रक्तात, नसांत, सांध्यांत शिरलेले असू शकतात, आणि आई मात्र मलमाच्या ट्यूबचं झाकण लावून ती कपाटात ठेवून देते.

त्या रात्री इमर्जन्सीत बसल्या बसल्या मी फोनमधले फोटो चाळले. भिंतीवर पाठमोरी बसलेली लेक, दोन वेण्या, आणि दंडावर बसलेलं फुलपाखरू. फोटो फुलपाखरासाठी काढला होता. त्यात डाग कानाच्या पाळीशी संपतो. चार दिवसांनंतरचा आणखी एक फोटो सापडला, त्यात तोच डाग मानेच्या मध्यापर्यंत आलेला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून मी डॉक्टरबाईंना दाखवले. त्यांनी मोठे करून पाहिले, आणि पसरत गेलेली कड बोटाने दाखवत म्हणाल्या की हेच ते.

त्या चट्ट्याचं शास्त्रीय नाव एरिथेमा मायग्रन्स. मायग्रन्स म्हणजे स्थलांतर करणारा. रंगापेक्षा आणि आकारापेक्षा हे सरकत जाणंच त्याची खरी ओळख आहे, हे नावातच सांगून ठेवलंय. गोचीड चावल्यावर 3 ते 30 दिवसांत तो उठतो, बहुतेकदा आठवडाभरात. 5 सेंटिमीटरच्या वर जातो. साधारण 70 ते 80 टक्के रुग्णांत दिसतो, म्हणजे उरलेल्यांत दिसतच नाही. मधला ठिपका आणि भोवतीचं कडं असलाच पाहिजे असं काही नाही. बरेचसे चट्टे नुसते एकसारखे लालसर असतात, आणि सावळ्या कातडीवर तो लालसरपणाही नीट कळत नाही. मी नंतर जिथे जिथे शोधलं तिथे बहुतेक चित्रं गोऱ्या कातडीवरचीच होती. आपल्या मुलांच्या आयांनी ती चित्रं पाहून काय ओळखायचं, हा राग माझ्या मनात आजही आहे. आपल्या मुलांवर तो काळानिळा, तपकिरी, कधी नुसताच गडद दिसतो. म्हणून रंग सोडून द्यावा. पेनाने कड आखावी, शेजारी तारीख घालून फोटो काढावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावं. चावल्याची साधी गांधी असेल तर ती लहान असते, पहिल्या दिवसा-दोन दिवसांतच येते आणि तशीच ओसरते. गजकर्णाची कड खवलेदार, उठावदार असते आणि ते खाजतं. लेकीच्या डागाला खवले नव्हते. मी रोज दोनदा त्यावर बोट फिरवत होते, तो गुळगुळीत आहे हे माझ्या बोटाला कळत होतं, फक्त त्याचा अर्थ कळत नव्हता.

मुलांमध्ये हा चट्टा डोक्यावर, मानेवर, कानामागे, केसांच्या कडेला जास्त आढळतो. मुलं गवतात लोळतात, पाल्यात डोकं घालतात. मोठ्यांच्या गुडघ्याशी जे गवत येतं ते त्यांच्या कानाशी येतं.

रक्ततपासणीबद्दल माझा मोठा गैरसमज होता. मला वाटायचं, शंका आली की रक्त तपासायचं आणि विषय मिटवायचा. पण ही तपासणी जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे जातात. चट्टा नुकता उठलेला असताना रिपोर्ट बऱ्याचदा निगेटिव्ह येतो. त्यामुळे लाइम जिथे सर्रास आहे तिथे असा चट्टा दिसला तर तपासणीसाठी न थांबता नुसत्या नजरेने निदान करून औषध सुरू करतात. एका कानामागच्या डागाकडे पाच मिनिटं नीट पाहणं त्या वेळी कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा मोलाचं असतं. लेकीला पाच आठवडे होऊन गेले होते, त्यामुळे तिची दोन टप्प्यांची तपासणी पुढे पॉझिटिव्ह आली. पण औषध त्याच रात्री सुरू झालं होतं. उन्हाळ्यात, या भागात, लहान मुलाचा चेहरा अचानक एका बाजूने लुळा पडला की लाइमचा विचार आधी होतो.

औषधाचं नाव ऐकून मी दचकले. डॉक्सिसायक्लिन. टेट्रासायक्लिनच्या कुळातलं अँटिबायोटिक. टेट्रासायक्लिनने मुलांचे दात कायमचे पिवळे-तपकिरी होतात, आठ वर्षांखाली ते देत नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकत आलेली. डॉक्टरबाईंना मी तसं विचारलं, आणि त्यांनी वैतागून न जाता समजावलं. ते डाग जुन्या टेट्रासायक्लिनचे. डॉक्सिसायक्लिन कॅल्शियमला तितकंसं धरत नाही, आणि थोड्या दिवसांच्या कोर्समध्ये त्याने दात डागाळल्याचं दिसलेलं नाही. म्हणून अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये आपल्या मार्गदर्शक पुस्तकात बदल केला. कुठल्याही वयाच्या मुलाला 21 दिवसांपर्यंत ते देता येतं. नुसता चट्टा असेल तर डॉक्सिसायक्लिन 10 दिवस, किंवा अमॉक्सिसिलिन वा सेफ्युरॉक्झिम 14 दिवस चालतं. चेहऱ्याच्या नसेपर्यंत गोष्ट गेली की डॉक्सिसायक्लिनच पसंत करतात. लेकीला 14 दिवसांचं मिळालं, वजनाप्रमाणे मोजून, दिवसातून दोनदा.

जूनमध्ये ओळखलं असतं तर 10 दिवसांत आटोपलं असतं. हे गणित मी त्या दोन आठवड्यांत किती वेळा मांडलं असेल, सांगता येत नाही.

गोळीबरोबर भरपूर पाणी, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळते. दूध गोळीच्या आसपास नको. ऊन अंगावर लवकर भाजतं, म्हणून लांब बाह्या, टोपी, सनस्क्रीन. पहिल्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला. जंतू मरायला लागले की काहींना पहिल्या चोवीस तासांत असं होतं हे आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मी घाबरले तरी औषध थांबवलं नाही.

सगळ्यात अवघड होता तो डोळा. उजवी पापणी पूर्ण मिटत नव्हती. ती झोपली की पापणीखाली डोळ्याच्या पांढऱ्या भागाची एक कोर उघडी राहायची. ओलावा राहावा म्हणून दिवसभर दर दोन तासांनी थेंब, रात्री मलम, आणि पापणी ओढून वर हलकी चिकटपट्टी. ती झोपेपर्यंत मी थांबायचे, मग बोटाच्या टोकाने पापणी खाली घेऊन पट्टी लावायचे. तीही कधी कधी जागीच असायची आणि मला कळू नये म्हणून दुसरा डोळा मिटून पडून राहायची.

तिसऱ्या आठवड्यात तोंडाचा कोपरा किंचित हलला. सातव्या आठवड्यात तिने चूळ भरली आणि थेंबही न सांडता बेसिनमध्ये टाकली. मुलांमध्ये लाइममुळे आलेला हा लुळेपणा बहुतेकदा पूर्ण बरा होतो. त्या सात आठवड्यांत मात्र तिने एकदाही आरशासमोर उभं राहून केस विंचरले नाहीत.

तिच्या उशाशी बसून मी त्या रात्री वाचत राहायचे, आणि वाचताना कळलं की हा आजार जगाला ज्या गावावरून माहीत झाला ते गाव आमच्याच राज्यातलं. लाइम, ओल्ड लाइम आणि ईस्ट हॅडम ही कनेटिकट नदीच्या पूर्वकाठची तीन गावं. तिथे पॉली मरे नावाच्या एक गृहिणी होत्या. त्यांना स्वतःला, नवऱ्याला आणि मुलांना वर्षानुवर्षं चट्टे, ताप, सुजलेले सांधे असा त्रास होत होता. त्या प्रत्येक दुखण्याची नोंद ठेवत. डॉक्टरांना त्यांचा ससेमिरा वाटायचा, मनाचे खेळ आहेत असंही त्यांना ऐकवण्यात आलं. 1975 मध्ये त्यांच्या दोन मुलांना संधिवाताचं निदान झालं, तेव्हा त्यांनी आजूबाजूच्या आजारी मुलांची यादी करून राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं. दुसऱ्या एका आईनेही स्वतंत्रपणे तेच कळवलं होतं. येल विद्यापीठाचे डॉ. ॲलन स्टीअर यांनी त्या नोंदी गांभीर्याने घेतल्या. मुलांमधला संधिवात खरं तर लाखात एखाद्याला व्हायचा, आणि इथे काही रस्त्यांवर दहा मुलांमागे एकाला सांधे सुजलेले. 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 51 रुग्ण होते, त्यांतली 39 मुलं. साधारण चौथ्या हिश्शाने आधी कातडीवर चट्टा उठल्याचं सांगितलं. असे चट्टे स्वीडनच्या आर्विड अफझेलियस यांनी 1909 मध्येच वर्णन करून त्यांचा संबंध गोचिडाशी जोडला होता, तो धागा इथे येऊन मिळाला. 1981 मध्ये विली बर्गडॉर्फर यांना न्यूयॉर्कच्या शेल्टर बेटावरून आणलेल्या गोचिडांच्या आतड्यात स्क्रूसारखे वळणदार जंतू दिसले. जंतूला त्यांचंच नाव मिळालं, बोरेलिया बर्गडॉर्फेराय.

जंतूच्या नावात बर्गडॉर्फर आहेत ते रास्तच. पण मला त्या वह्या आठवत राहतात. आयांनी केलेल्या नोंदी होत्या म्हणून 39 मुलांचे गुडघे वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या फायलींत विखरून राहिले नाहीत.

गुडघ्याबद्दलही सांगायला हवं, कारण चट्टा आणि चेहरा दोन्ही न दिसता काही मुलांत आजार थेट तिथेच उगवतो, चावल्यानंतर कित्येक महिन्यांनी, अगदी हिवाळ्यातसुद्धा, जेव्हा गोचीड कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. लेकीच्या शाळेतला एक मुलगा असाच. गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला आणि तरी तो लंगडत का होईना, चालत होता. इतकी सूज आणि त्या मानाने दुखणं कमी, हे लाइमच्या सांध्याचं लक्षण. सांध्यात पू झाला असेल तर मूल पाय टेकवतच नाही, ताप चढतो, आणि त्यात क्षणाचा उशीर चालत नाही. म्हणून ही पारख डॉक्टरांनीच करायची, घरी बसून नाही. सांध्याला औषध 28 दिवस लागतं. सूज रेंगाळली तर दुसरा कोर्स, क्वचित शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन. हृदयावर परिणाम होणं दुर्मीळ, पण लाइमच्या मोसमात मूल चक्कर येऊन पडलं तर थेट इमर्जन्सी गाठावी.

औषध संपल्यावर मी लेकीचं रक्त पुन्हा तपासा म्हणून मागे लागले होते. तपासलं नाही, आणि ते बरोबर होतं. प्रतिपिंडं महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं रक्तात राहतात, त्यावरून बरं झालं की नाही ते ठरत नाही. ते मुलाकडे पाहूनच ठरतं. काही मुलांना कोर्सनंतरही थकवा, अंगदुखी राहते. तो त्रास खरा असतो आणि त्या मुलांचं ऐकून घेतलंच पाहिजे. पण महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देत राहण्याने तो जात नाही हे अनेक चाचण्यांत दिसून आलंय, आणि शिरेतल्या नळीचा संसर्ग, बिघडलेली आतडी असे धोके मात्र खरे आहेत. हताश आईबापांना असले महागडे, लांबलचक इलाज विकणारे मी पाहिले आहेत. मला त्यांची चीड येते.

आता तो गोचीड. गोचीड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुरांच्या कानात टम्म फुगलेला करडा दाणा येतो. हा तसा नाही. काळ्या पायांचा हा गोचीड दोन वर्षांच्या आयुष्यात तीनदा रक्त पितो. अंड्यातून निघतो तेव्हा निरोगी असतो, जंतू बहुधा पांढऱ्या पायांच्या रानउंदरापासून घेतो. आमच्या दगडी भिंतीच्या फटींत तेच उंदीर राहतात. मे ते जुलैमध्ये जो माणसाला चावतो तो मधल्या अवस्थेतला, खसखशीच्या दाण्याएवढा. तो उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून पडत नाही. गवताच्या पात्यावर पुढचे पाय पसरून वाट पाहतो. चावताना दुखत नाही. जंतू त्याच्या आतड्यातून लाळेत यायला वेळ लागतो, बहुतेक वेळा दीड-दोन दिवस. त्याआधी तो सापडला तर धोका फार कमी. म्हणून रोज पाहायचं.

गेली तीन वर्षं मे ते ऑक्टोबर आमच्याकडे रोज रात्री अंघोळीनंतर हे चालतं. केस भांग पाडत पाडत, कानांमागे, काखेत, बेंबीत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, गुडघ्यांच्या लवणीत, जांघेत. बाहेरून आलेले कपडे आधी ड्रायरमध्ये, चांगल्या कडक उष्णतेवर दहा मिनिटं.

या जूनमध्ये एका मंगळवारी, डाव्या गुडघ्यामागे, तिळासारखा काळा ठिपका दिसला. तीळ तिथे नाही हे मला ठाऊक होतं, तिच्या पाठीपोटावरचे सगळे तीळ आता मला पाठ आहेत. भिंग लावलं तर पाय दिसले. माझा हात थरथरत होता. बारीक टोकाचा चिमटा कातडीला अगदी लागून धरला आणि न पिळता, न झटकता, सरळ वर ओढला. तेल नाही, व्हॅसलिन नाही, काडी पेटवणं तर नाहीच. कातडी तंबूसारखी वर आली, मग सुटली. जागा साबणाने धुतली, गोचीड चिकटपट्टीवर घेऊन वहीत लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना फोन केला. 36 तासांहून जास्त वेळ चिकटलेला असेल तर, काढल्यापासून 72 तासांच्या आत, डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देता येतो. त्यांनी विचारलं, किती वेळ होता सांगता येईल का? मी म्हटलं, सोमवारी रात्री साडेआठला नव्हता. मंगळवारी साडेआठला होता. चपटा होता, फुगलेला नव्हता. मग डोसची गरज नाही, ते म्हणाले, तीस दिवस लक्ष ठेवा.

वहीत रोज तारीख आणि एक ओळ लिहिते. चावल्याची लाल गांधी दुसऱ्या दिवशी वाटाण्याएवढी होती, तिसऱ्या दिवशी मावळली. लेक आता नऊ वर्षांची आहे. पाय खुर्चीवर ठेवून, मान वळवून स्वतःच गुडघ्यामागे पाहायचा प्रयत्न करते आणि मला विचारते, "आजचा कितवा?"

आज बारावा.